राजचिठ्ठीचं स्वयंवर

रत्नावतीच्या राजाने दिवाणाचं ऐकून वस्त्यांमधल्या सरकारी शाळा बंद केल्या आणि प्रत्येक मुलाला राजचिठ्ठी दिली. ती दाखवून हव्या त्या खासगी शाळेत शिकावं, पैसे खजिना भरेल. चांभारवस्तीतली शेवंता हरखली. लेक भिंगरीला घेऊन ती शहरातल्या मोठ्या शाळेत गेली. गुरुजींनी चिठ्ठी पाहिली, वस्ती विचारली आणि म्हणाले, "जागा नाही." आत निम्मा वर्ग रिकामा होता. दुसऱ्या शाळांतही तेच झालं, तेव्हा शेवंता लेकीसह तडक दरबारात गेली.

दिवाण हसला. "बाई, निवड तुमच्या हाती दिली. आणखी काय हवं?"

"दिवाणजी, भारीच स्वयंवर मांडलंत! माळ माझ्या लेकीच्या हाती दिलीत, पण ती पुढे गेली की जो तो मान मागे घेतो. मग निवडतंय कोण?"

दरबार खदखदून हसला. राजा मात्र ओशाळला. त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला, "खजिन्याचे पैसे घेणाऱ्या शाळेने कुठल्याही वस्तीचं मूल परत पाठवायचं नाही. आणि वस्त्यांमधल्या शाळा पुन्हा उघडा!"

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा त्या मोठ्या शाळेत गेली, तर तेच गुरुजी दारात येऊन गोड आवाजात म्हणाले, "ये बाळ, आत ये."

भिंगरी उंबऱ्यावरच थांबली. "थांबा गुरुजी, आधी शाळा मला आवडते का ते बघू द्या."