ढवळीने पान्हा चोरला

एक होता गवळी. हो गं, राजाही आहे, पण तो मागून येतोय. आधी गवळी. त्याचं नाव सटवाजी. त्याच्या गाई इतक्या, की पहिली नदीवर पाणी पिऊन घ्यायची, तरी शेवटची गोठ्यातच शेपटी हलवत उभी. आणि हातात काठी नाही हो! नुसतं "चला गं बायांनो" म्हणायचा, की निघाला कळप.

हे राजाने पाहिलं. त्याच्या दरबारात रोजची भांडणं. राजाला वाटलं, गाई सांभाळतो तो सरदारही सांभाळेल. मग काय, केलं त्याला प्रधान. डोक्यावर पगडी, पायात मोजड्या. थाट म्हणजे थाट!

पण दरबार म्हणजे काय गोठा आहे? एक सरदार ओरडायचा, दुसरा त्याहून मोठ्यांदा. मग सटवाजीही ओरडायला शिकला. संध्याकाळी धारेला बसला तरी आवाज चढलेलाच. "सरक की! पाय मागे घे!" मग लाडक्या ढवळीने पान्हा चोरला. म्हणजे दूध वर ओढून धरलं, बरं का. दुसऱ्या दिवशी तिला सरकी घातली. दूध नाही. तिसऱ्या दिवशी वासरू लावलं. तरी नाही. मग बाकीच्या गाईही तशाच अडून बसल्या. साऱ्या नगरीत दुधाचा थेंब नाही! सटवाजीची धाकटी नात चिंगी रडून रडून मलूल झाली. सटवाजी ढवळीपुढे जाऊन बसला.

"ढवळे, का गं असं करतेस?"

आणि काय सांगू, ढवळी बोलली! "हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. माझा सटवाजी कुठंय?"

सटवाजीला रडूच फुटलं. तसाच गेला आणि पगडी राजापुढे ठेवली. "महाराज, प्रधानकी नको. लेकरं उपाशी आहेत."

राजा म्हणाला, "अरे, तू गेलास तर हे सरदार एकमेकांची डोकी फोडतील!"

सटवाजीने जरा विचार केला. "मग दरबारच गोठ्यात आणा. धारेच्या वेळी."

आणला की! राजा बसला कडब्याच्या पेंढीवर. सरदार शेणातून पाय उचलत आले. कुणाचा आवाज चढला, की धार बंद. मग सगळे कुजबुजत भांडायला लागले. आता कुजबुजत किती भांडणार? हसूच यायचं मेल्यांना. सटवाजी ढवळीच्या कासेशी बसून हळू आवाजात न्याय करायचा, आणि चरवी फेसाने भरायची. चिंगीने वाटी तोंडाला लावली, तिला पांढऱ्या मिशा आल्या. राजाने त्या आपल्या शेल्याने पुसल्या.

मग सगळी पोटभर दूध प्यायली आणि सुखात राहिली. आता घ्या पांघरूण. हळू रे, हळू बोला. गाई दूध देतायत. निजा.