खंदकापलीकडची पिंगा

पूर्वी कंपिल्ल नगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या व्याघ्रवनाचा राखणदार होऊन जन्माला आला. त्याचे नाव नंदिसेन. वनात वाघ मोकळे हिंडत. भोवती पाण्याचा खंदक होता आणि अलीकडच्या काठावरून नगरजन वाघ बघत. लोकांचे काय सांगावे! वाघ लांब दिसला की त्यांना तो जवळून बघायचा असे, आणि जवळ आला की हात लावावासा वाटे. “माई, मागे व्हा. आजोबा, पाय आत घ्या,” असे म्हणत नंदिसेन दिवसभर फेऱ्या घाली.

पिंगा नावाची वाघीण त्याने स्वतः वाढवली होती. आई मेलेले ते पिल्लू शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा चोखत त्याच्या झोपडीत मोठे झाले. वर्षाची झाल्यावर त्याने तिला पलीकडे सोडले, पण त्याला करमेना. एका दुपारी न राहवून त्याने हाक मारली, “ये गं पिंगे!”

पिंगा उडी घेऊन, पोहून अलीकडे आली. तिला त्याच्याकडेच यायचे होते. पण वाटेत कुंदिका माळीण उभी होती. ती घाबरून पळाली, आणि पळणाऱ्यामागे धावणे हा वाघाचा स्वभावच. पिंगाच्या पंजाने तिचा खांदा फाटला.

राजाने वाघिणीला मारण्याची आज्ञा दिली. नंदिसेन पाया पडून म्हणाला, “महाराज, तिला मी बोलावले. शिक्षा मला करा.”

खांदा बांधलेली कुंदिका म्हणाली, “खरं आहे, महाराज. हाक मी ऐकली. मुकं जनावर हाकेला आलं, त्याचा काय दोष?”

“मग ती जगेल,” राजा म्हणाला. “पण पुन्हा तुझ्या आवाजाने ती पाण्यात उतरली, तर त्याच दिवशी भाल्याने मारली जाईल.”

नंदिसेनने खंदक रुंद केला, अलीकडे काटेरी कुंपण घातले. पिंगा आपला आवाज ओळखील म्हणून काठावर बोलणे सोडले. लोकांना मागे सारायला तो लाकडी घंटा वाजवू लागला. वाऱ्याबरोबर आपला वास तिच्याकडे जाऊ नये, अशाच बाजूला तो उभा राही. ती रोज दुपारी काठावर येई, इकडे बघत बसे आणि उन्हे कलली की परत जाई. अशी बारा वर्षे गेली. तिच्या मानेवरून एकदा हात फिरवावा, एवढेच त्याला रोज वाटे.

मग एका उत्सवाच्या दिवशी पिंगा काठावर आली ती आडवीच झाली. ती म्हातारी झाली होती, धाप लागली होती. काठ माणसांनी भरला होता. राजाचेही मन द्रवले.

“नंदिसेना, जा तिच्याजवळ. आता ती काय करणार आहे?”

नंदिसेन हलक्या आवाजात म्हणाला, “महाराज, आज मला पलीकडे जाताना हे सारे बघतील. उद्या यातला कुणीतरी जाईल, आणि तिथे दुसरे वाघ आहेत.”

“मग इथूनच हाक मार. मी माझा शब्द मागे घेतो.”

“हाक ऐकली तर ती उठेल, महाराज. पाण्यात उतरेल आणि बुडेल.”

असे म्हणून तो काठाने चालत गेला आणि जिथून वारा तिच्याकडे वाहत होता तिथे जाऊन बसला. त्याला फार रडू आले, तरी त्याने आवाज होऊ दिला नाही. थोड्या वेळाने पिंगाने नाक वर केले. मग तिने मान त्याच्या दिशेने वळवली आणि पंजांवर ठेवली. ती मरेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा स्थविर भद्रक, माळीण म्हणजे उपासिका सोमा, आणि राखणदार मीच होतो. प्रेम असूनही अंतर राखणे आणि घेतलेला नेम शेवटपर्यंत न सोडणे, याला अधिष्ठान म्हणतात. आता, भिक्षू उत्तिय रोज सर्वांच्या पुढे, माझ्या पायांना खेटून बसतो, अशी तुमची तक्रार आहे. ती वाघीण म्हणजे हा उत्तिय. त्याला बसू द्या.”