ढगाखालची आकृती

फार वर्षांपूर्वी युरोपातल्या एका छोट्या राज्यात तादेओ नावाचा कारागीर होता. दरबारात थाटाचं नाटक झालं की तो त्याचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरी. त्यावरून कागदावर काढलेले छाप देशोदेशी जात. ज्यांनी नाटक पाहिलेलं नसे, ते छापालाच खरं मानत.

एका वर्षी राजाच्या लग्नातल्या नाटकात रंगमंचाच्या छतातून लाकडी ढग खाली सोडला. त्यावर लिव्हिया नावाची गायिका देवी होऊन बसली होती. मध्येच दोर तुटला. ढग उलटून आदळला आणि लिव्हिया त्याखाली चिरडून मेली. वाजंत्री तेवढी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी कारभारी तादेओकडे आला.

"चित्रात ढग वरच असू दे. देवी हसती काढ. बाकी काही घडलंच नाही."

तादेओने तो अपघात डोळ्यांनी पाहिला होता. पण दरबाराचं काम सुटलं तर खायचं काय? त्याने होकार दिला आणि सांगितलं तसं कोरलं.

पहिला छाप निघाला. देवी हसत होती. पण ढगाखालच्या मोकळ्या जागेत कुणीतरी पालथं पडलेलं दिसत होतं. तादेओने पत्र्यावर बोट फिरवलं. तिथे एकही रेघ नव्हती. त्याने पत्रा पुसून पुन्हा छापलं. आकृती आणखी गडद उमटली. या खेपेला वरच्या देवीला चेहराच नव्हता.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली.

"मी लिव्हियाची आई. ती तापाने गेली म्हणतात. मला शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. तुम्ही होतात ना त्या नाटकाला?"

तादेओने कागद पाठीमागे धरला होता. 'हो, तापच होता,' एवढं म्हणायचं होतं. ते त्याच्याने म्हणवेना. त्याने कागद तिच्यापुढे ठेवला.

"नाही बाई, ताप नव्हता," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं.

म्हातारीने आकृतीवर तळहात ठेवला. "झोपायचीसुद्धा अशीच," ती हळूच म्हणाली.

तादेओने कोरणी उचलली. चित्रातला ढग खाली पाडला, आकृती कोरली, खाली लिव्हियाचं नाव घातलं. आता छापात त्याने कोरलं तेवढंच उमटलं. ते छाप त्याने भर बाजारात वाटले.

त्याचं काम गेलं, राज्यही सोडावं लागलं. पण पुढच्या समारंभात ढगावर बसायला एकही गायिका तयार होईना. शेवटी राजाला तो ढग मोडून टाकावा लागला.

तात्पर्य: लपवल्याने घडलेलं पुसलं जात नाही; ज्याने पाहिलं, त्याने ते सांगावं.