फुलवंताची दाढ

नऊ वर्षांची पोरकी फुलवंता मामीकडे राहायची. मामीकडे राहायचं म्हणजे दिवसभर चारोळीच्या बिया फोडायच्या. त्याही दातांनी! दगडानं फोडल्या तर आतला गोड दाणा चिरडतो म्हणे. दाणे सगळे बाजारात जायचे, फुलवंताच्या जिभेवर एकही नाही.

एक दिवस दाढेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मामीनं तोंडात डोकावल्यासारखं केलं. "ना कीड, ना भोक. सोंगाडी कुठली! फोड मुकाट्यानं."

दाढेपेक्षा ते 'सोंगाडी' जास्त दुखलं, मी सांगते ना!

फुलवंता रानातल्या कडुनिंबाखाली जाऊन रडली. निंब इवल्या इवल्या पांढऱ्या फुलांनी लहडला होता. त्यातून एक चिमुकली परी उतरली, पोपटी पंखांची, चंदेरी झग्याची.

"दुखतं का गं बाळ?"

"दुखतं, परीताई. पण खरं कुणालाच वाटत नाही."

परीनं निंबाची काडी दाढेवर ठेवली. "चाव. आता सोड."

सोडताक्षणी फुलवंता किंचाळली.

"सोडताना कळ येते ना? मग तडा असणार." परीनं बोटाच्या टोकावर उन्हाचा लुकलुकता ठिपका घेतला आणि दाढेला लावला. उजेड अर्ध्या दाढेत पसरला अन् एका बारीक रेघेपाशी अडला. "हा बघ तडा. तू खरंच बोलत होतीस, राजा."

हे ऐकून तर फुलवंताला हुंदकाच फुटला.

परीनं झग्यातून दाढेवर बसेल अशी सोन्याची इवलीशी टोपी काढली. "तडा सांधता येत नाही. ही टोपी घातली की पसरत मात्र नाही. पण नियम ऐक. टोपी एकच, ती एकाच दाढेला पुरते. आज टोपी घातली नाही तर दाढ मुळापर्यंत दुभंगेल, मग काढावीच लागेल."

इतक्यात औषधाला निंबाचा पाला न्यायला मामी धावत आली, कडेवर तिचा आठ वर्षांचा बारकू. फुलवंता घरी नाही म्हणून त्याला बिया फोडायला बसवलं होतं, तर त्याच्या दाढेतही तश्शीच कळ गेली. त्याच्याही दाढेला ना कीड, ना भोक. पण तो सोंगाडी नव्हता हो! पोटचा ना!

परीनं ठिपका लावला. उजेड तिथंही अडला.

"ताई, सोडताना दुखतं गं," बारकू फुलवंताकडे बघून कण्हला.

फुलवंतानं टोपीकडे बघितलं. द्यावीशी वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू? पण ती कळ तिला ठाऊक होती.

"त्याला घाला, परीताई."

टोपी बसली, बारकू हसला. परीनं तो ठिपका मामीच्या बोटावर ठेवला. "आता हिच्या तोंडात बघ."

मामीनं बघितलं. उजेड रेघेपाशी अडला. "खरंच होतं गं बाई!" परी सोनेरी झोतात विरून गेली.

संध्याकाळी फुलवंताची दाढ दुभंगली, काढावी लागली. मामीनं दाणा न चिरडता बिया अलगद फोडणारं जातं आणलं आणि पहिल्यांदाच मूठभर चारोळी फुलवंताच्या हातावर ठेवली. चांगुलपणाचं बक्षीस बरं! दात होते तेव्हा चणे नव्हते.

फुलवंतानं दुसऱ्या बाजूनं हळूहळू चावली.

"गोड आहे ना?" मामीनं विचारलं.

"आहे. पण मामी, आधी का नाही गं नीट बघितलंस?"