गोजराबाईच्या हातचा घास

वारणेच्या काठी माळथळ नावाचे लहानसे गाव आहे. या गावाने कोणते पुण्य केले होते कोण जाणे, पण कोंडीबा महाराज हिंडत हिंडत तिथे आले ते तिथलेच झाले. ज्यांचे अंग वाढले पण समज लेकराचीच राहिली, अशा भोळ्या माणसांना त्यांनी मठात जवळ केले. त्यांच्या घरच्यांनी पाळीपाळीने यावे, स्वयंपाक करावा, पंगत वाढावी, असा महाराजांचा नेम होता. त्यात एक मेख होती. पाळीच्या दिवशी आपल्या लेकराला भरवायचे नाही, दुसऱ्याच्या लेकराला भरवायचे.

गोजराबाईला हा नेम जड गेला. ती विधवा. तिची चंद्रा विशीला आली तरी आईच्या हाताशिवाय घास घेत नसे. एकदा गोजराबाई तापाने पडली, तर आई उठून बसेपर्यंत पोरीने अन्नाला तोंड लावले नाही. तेव्हापासून बाईने ना जत्रा पाहिली, ना माहेर. महाराजांच्या पायाशी बसून ती म्हणाली, "म्हाराज, मला मरायचीबी सवड न्हाई. माझ्या माघारी हिला कोण भरवंल?"

"म्हणून तर तुला पाळी लावली," महाराज म्हणाले.

तिला काही उमगले नाही, पण तिने मान डोलावली. तिच्या वाट्याला कुंभाराचा नाम्या आला. चांगला दांडगा गडी, पण तोंडातून शब्द फुटत नसे. गोजराबाई भात मऊ कुस्करी, फुंकर घाली आणि त्याला भरवी. चंद्रा मात्र दुसऱ्या कुणाचा हात जवळ येऊ देईना, म्हणून पंगत उठल्यावर तिला आईच जेवू घाली. गावचे बडे जमीनदार बापूसाहेब सरनाईक येता-जाता टोमणे मारत. स्वतःचे एक आवरेना आणि ही गावचे निस्तरायला निघाली, असे ते चावडीवर सांगत आणि लोक हसत.

पुढे गोजराबाईच्या भावाला कितीतरी नवसांनी मुलगा झाला. बाळाचे नाव ठेवायला आत्या हवीच. महाराजांनीच तिला आग्रहाने धाडले. चंद्राला न्याहारी भरवून, मठात ठेवून ती सकाळच्या नावेने पलीकडे गेली, बाळाच्या कानात नाव सांगितले आणि पदराला घुगऱ्या बांधून लगोलग निघाली. धक्क्यावर येऊन पाहते तो वारणा फुगलेली! वर कुठे तरी ढगफुटी झाली होती. नावाड्याने नाव बाभळीला बांधून टाकली होती. बापूसाहेबही तिथेच अडकून पडले होते.

पैलतीरावरून मठाची घंटा ऐकू आली. दुपारची पंगत बसली. गोजराबाई मटकन दगडावर बसली. पाणी दोन-तीन दिवस उतरले नाही तर पोर जगेल कशी?

बापूसाहेब म्हणाले, "आता सांग की तुझ्या महाराजाला. भरवा म्हणावं चंद्रीला."

डोळे मिटून तिने महाराजांना एवढेच विनवले की माझी पोर उपाशी ठेवू नका. आणि काय सांगावे! तिच्या उजव्या हाताला ऊब लागली. डोळे उघडते तो पाची बोटे आमटीभाताने माखलेली, वाफ अजून निघते आहे.

बापूसाहेब वाकून पाहू लागले. आमटीचा वास त्यांच्या नाकात शिरला. बाईच्या पदराला तर नुसत्या घुगऱ्या.

उन्हे कलता कलता पाणी उतरले. नाव टेकताच गोजराबाई धावत सुटली आणि मागोमाग बापूसाहेब. मठाच्या ओसरीवर चंद्रा गाढ झोपली होती. कानापर्यंत आमटी फासलेली! बायकांनी सगळे सांगितले. चंद्राने सगळ्यांचे हात झिडकारले होते, खुद्द महाराजांचासुद्धा. मग आपला घास टाकून नाम्या उठला. त्याने भात मऊ कुस्करला, फुंकर घातली आणि तिच्यापुढे धरला. पोरीने तोंड उघडले आणि ताट संपवले.

"हात नाम्याचा होता, गोजरा," महाराज म्हणाले, "पण घास तुझाच होता. आईला हात दोनच. ते पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या लेकरांना भरवून ते वाढवायचे असतात."

गोजराबाई रडता रडता हसली. आता मी खुशाल मरेन, म्हणाली.

"मरतेस कशाला? आधी माहेरी चार दिवस राहून ये."

सगळा मठ हसला. बापूसाहेबांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांवर ठेवले आणि आपल्यालाही पाळी द्यावी अशी विनवणी केली. महाराजांनी नाम्याकडे बोट केले. चंद्राच्या नादात तो स्वतः अर्धपोटीच राहिला होता. बापूसाहेबांनी हात धुतले, जमिनीवर मांडी घातली, भात कुस्करला आणि घास पुढे केला. नाम्याने सरळ तोंड फिरवले! पुन्हा केला, पुन्हा फिरवले. अखेर गोजराबाईनेच त्याला पोटभर भरवले.

बापूसाहेबांना राग आला नाही. हात तसाच भाताने भरलेला, ते नाम्यापुढे वाकले आणि त्याच्या पायाला त्यांनी कपाळ टेकवले.

"माझा हात अजून नवा हाय, नाम्या," ते म्हणाले. "मी उद्या परत येतो."