पुतळाबाईचा एकुलता भोपळा

तांबणी नदीच्या काठी पिंपळडोह नावाचे गाव आहे. एके वर्षी वाकळनाथ महाराजांनी आपला चातुर्मास तिथे केला. घाटावरच्या महादेवाच्या देवळात ते राहत. खांद्यावर ठिगळांची वाकळ, एवढाच त्यांचा संसार.

घाटाला लागूनच पुतळाबाई कुंभारणीचे घर होते. नवरा गेल्यापासून चाक बंद पडले होते, आणि परसातल्या भाजीवर ती एकटी दिवस काढी. त्या साली तिच्या लाल भोपळ्याच्या वेलाला नऊ फळे धरली. पिकलेला भोपळा घरात शिमग्यापर्यंत टिकतो, म्हणून हिवाळ्याची चिंता मिटली असे तिला वाटले. मोठ्या आनंदाने तिने महाराजांना वेल दाखवायला आणले.

महाराजांनी वेल पाहिला. मग एका फळावर हात ठेवून ते म्हणाले, "हे एक राहू दे. बाकीची आजच तोड."

पुतळाबाई गोंधळली. आठ फळे तोडायची? ती तर अजून मुठीएवढी होती. का, म्हणून तिने विचारलेही. पण महाराज देवळाकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत ती वेलाजवळ बसून राहिली. शेवटी डोळे मिटून तिने आठही फळे खुडली. चार दिवस भाजी झाली आणि संपली.

गावच्या गणोजी इनामदारांची नदीपलीकडे मोठी बाग होती. नवरात्रात देवीपुढे ठेवायचा सर्वांत मोठा भोपळा दरवर्षी त्यांच्याच बागेतला असे, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ही हकिकत कळताच ते मुद्दाम कुंपणाशी आले. गोसाव्याच्या नादाने आपल्याच पोटावर पाय देणारी बाई आपण पहिल्यांदाच पाहिली, असे ते चारचौघांत म्हणाले. लोक हसले. पुतळाबाईलाही तेच वाटत होते.

तरी अर्धपोटी राहूनही तिने वेलाची सेवा सोडली नाही. वेलाच्या पेरांवर माती ओढली, आळ्यात शेणकाला घातला, फळाखाली पेंढा पसरला. सगळ्या वेलाचा जीव त्या एका फळात उतरला. भाद्रपद सरता सरता भोपळा रांजणाएवढा झाला. देवीला तो द्यावा, असे तिच्या मनात आले. महाराजांनी त्यालाही नको म्हटले. "वेलावरच असू दे," एवढेच ते बोलले. पुतळाबाईचा गोंधळ आणखीच वाढला. देवाला नाही, पोटाला नाही, मग हा भोपळा कोणासाठी?

हस्ताचा पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबणी फुगली आणि पाणी परसात शिरले. पुतळाबाई भोपळ्याला मिठी मारून उभी राहिली, पण वेल तुटला, फळ तिच्या हातातून निसटले आणि प्रवाहात गेले. ती भिजल्या लुगड्याने घाटाच्या वरच्या पायरीवर आली. तिथे महाराज बसले होते.

"महाराज, आठ तुम्ही तोडायला लावले. नववा नदीने नेला. माझं काय चुकलं?"

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "माय, मला जेवढं सांगितलं गेलं, तेवढं मी तुला सांगितलं. पुढचं मलाही ठाऊक नाही. कळेपर्यंत बस माझ्याजवळ."

इतक्यात वरच्या अंगाला ओरडा झाला. पुराच्या धास्तीने पलीकडची बाग पाहायला निघालेल्या गणोजींची नाव उलटली होती. नावाडी पोहत काठाला लागला. गणोजींना पोहता येत नव्हते. गढूळ पाण्यात त्यांचे डोके दिसे आणि बुडे. दोर टाकला तो पोहोचेना.

आणि मग घाटावरच्या सर्वांनी ते पाहिले. ओंडके, गवताच्या गंज्या, सारे खाली धावत होते. पण नदीच्या मध्यावर पुतळाबाईचा भोपळा स्थिर उभा होता, जणू कोणी तळहातावर धरला आहे. वाहत आलेले गणोजी त्याच्यावर आदळले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला कवटाळले. तेव्हा तो हलला, आणि प्रवाहाबरोबर न जाता आडवा, सावकाश, घाटाच्या पायरीला येऊन टेकला. लहान फळाने तो माणूस तरला नसता. महाराज हात जोडून बसले होते. धन्य ती माउली, जिने काही न कळता सेवा केली!

लोकांनी गणोजींना वर ओढले. ते उठले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. आपण बागाईतीचा ताठा मिरवला, साधूची थट्टा केली, असे ते रडत सांगू लागले. महाराजांनी त्यांना उठवले.

"मी नुसतं सांगितलं. उपाशी राहून वाढवला तो हिनं."

मग गणोजी इनामदारांनी साऱ्या गावासमोर पुतळाबाईच्या पायांवर डोके ठेवले. पाय मागे घेत ती एवढेच म्हणाली, "उठा मालक, आधी डोकं पुसा. गार लागेल."

पण गणोजींनी बराच वेळ डोके उचलले नाही.