मांजर हाकल

एकदा एक शिष्य लिहून लिहून थकला.

डोंगराच्या पायथ्याशी एका वृद्ध गुरुजींची पाठशाळा होती. पाणी, वारा, उष्णता, प्रकाश अशा सृष्टीतल्या गोष्टींचे शास्त्र तिथे शिकवले जाई. हा शिष्य वयाने काही लहान नव्हता. कानशिलांजवळचे केस पिकू लागले होते. घरी म्हातारी आई वाट पाहत होती, आणि कुठे शिक्षक म्हणून नेमणूक झाल्याशिवाय तिला तोंड दाखवायचे नाही, असे त्याने ठरवले होते.

गुरुजींचा एकही शब्द निसटू नये म्हणून तो मान वर न करता लिहीत राही. संध्याकाळी तेच पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. बोटांना घट्टे पडले, पाठ धरली, टिपणांचे गठ्ठे वाढत गेले. डोक्यात मात्र काही उरत नसे. आणि उरत नाही म्हणून तो आणखी लिही.

भाद्रपदातल्या एका दमट दुपारी शेजारच्या गावचा एक व्यापारी आला. त्याने गावातल्या मुलांसाठी शाळा बांधली होती, तिला शिक्षक हवा होता. गुरुजींनी शिष्याला पुढे केले. व्यापाऱ्यासमोर विहिरीच्या गार पाण्याचा तांब्या ठेवला होता. तो उचलताच पाटावर ओले वर्तुळ दिसले.

"मास्तर, तुमचा तांब्या गळतोय की!" व्यापारी हसला. "का दुसरंच काही? आमची पोरं असलंच विचारतात बघा."

शिष्याचा चेहरा उजळला. "थांबा हं, आहे माझ्याकडे!" म्हणत तो आत धावला, गठ्ठा सोडून नेमका कागद घेऊन आला आणि खड्या आवाजात वाचू लागला, "हवेत पाण्याचा अंश अदृश्य रूपाने असतो. ती हवा गार धातूला स्पर्श करते तेव्हा, मांजर हाकल, दूध सांडेल, तेव्हा तो अंश..."

तो थबकला.

"मांजराचा काय संबंध, मास्तर?"

शिष्याला आठवले. हा पाठ चालला होता त्या दिवशी दूध खरोखरच सांडले होते. गुरुजींनी त्यालाच उठायला सांगितले होते, आणि त्याने ते लिहून घेतले होते.

"बरं, कागद राहू द्या. तुम्ही सांगा ना, पोराला सांगाल तसं."

शिष्याने तोंड उघडले. मग त्याची नजर पुन्हा हातातल्या कागदाकडेच वळली.

व्यापारी भला माणूस होता. "कष्टाळू आहेत तुमचे मास्तर," तो गुरुजींना म्हणाला. "मी दिवाळीनंतर येऊन जाईन."

तो गेल्यावर शिष्य ओटीवर बसून राहिला. "गुरुजी, माझ्याच्यानं आता होत नाही. मी घरी जातो."

गुरुजींनी समजूत घातली नाही. एवढेच म्हणाले, "उद्याचा पाठ ऐकून जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिष्याची लेखणी कोनाड्यात ठेवून दिली. विहिरीचे ताजे पाणी काठोकाठ भरून तांब्या त्याच्या दोन्ही हातांत दिला. "धर. सोडायचा नाही."

ही शिक्षाच आहे असे समजून शिष्य खाली मान घालून बसला. गुरुजींनी तोच जुना पाठ पुन्हा सांगायला घेतला. लिहिता येईना, तेव्हा शिष्य नाइलाजाने तांब्याकडे पाहू लागला. पितळेवर धूसर थर आला. त्याचे थेंब झाले. एक थेंब ओघळून त्याच्या मनगटावर आला.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "हे आतलं पाणी असतं, तर तांब्या थोडा तरी रिता झाला असता ना?"

त्याने आत डोकावून पाहिले. पाणी काठोकाठच होते.

"आणि यात कोमट पाणी भरलं तर?"

"भरून बघ की."

शिष्याने तांब्या पुसून त्यात कोमट पाणी भरले आणि किती तरी वेळ पाहत राहिला. तांब्या बाहेरून कोरडाच राहिला.

संध्याकाळी गुरुजींनी त्याला एक कागद उभा दुमडून दिला. "उजवीकडे आठवेल तेवढंच लिही, तुझ्या शब्दांत. जुनं टिपण बघायचं नाही. डावी बाजू, जे कळलं नाही त्याच्यासाठी."

शिष्याने लिहिले. मोजक्या ओळी झाल्या. "एवढंच आलं, गुरुजी," तो ओशाळून म्हणाला.

"पण हे तुझं आहे." गुरुजी भिंतीला टेकले. तेही थकलेले दिसत होते. "अरे, आजवर माझं बोलणं तुझ्या कानातून हातात आणि हातातून कागदावर जात होतं. वाटेत तू कुठे भेटलाच नाहीस. लिहिणं वाईट नाही, बाळ. पण आधी बघ, ऐक, मनात घोळव. मग जे उरेल ते लिही. अडलं तिथे जागा सोड. ती रिकामी जागाच उद्या तुला प्रश्न घेऊन माझ्याकडे पाठवील. त्या शाळेत पोरांसमोर कागद उभा राहणार नाही, तू उभा राहणार आहेस. आणि खरं सांगू? खाली घातलेल्या मानेशी बोलून बोलून मीही दमलो रे."

शिष्याने लेखणी बुडवली आणि डाव्या बाजूला पहिली ओळ लिहिली: हवेतले पाणी आपल्याला दिसत का नाही?

दिवाळीला अजून अवकाश होता. शिष्याने मान वर केली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांजर दबकत येत होते. गुरुजींनी तोंड उघडण्याआधीच तो लेखणी ठेवून उठला होता.